२१ मायक्रॉनची मोकळीक

दहिसर चेकनाका ओलांडला की मुंबईची हद्द संपते आणि मिरा-भाईंदरची सुरू होते. तिथेच, महामार्गाच्या अंगाला, पेणकरपाडा आहे. नव्या इमारती आणि जुनी वस्ती यांच्या मधेमधे छोट्या उद्योगांचे गाळे आहेत. अशा एखाद्या इंजिनिअरिंगच्या गाळ्यात लेथवर काम चालू असतं, तेव्हा मशीनशेजारी तेलकट बोटांनी डागाळलेला एक कागद चिकटवलेला दिसतो. ते जॉबचं ड्रॉइंग. त्या कागदावर प्रत्येक मापासोबत एक आकडा असतो, आणि तो मला माणसाला सुचलेल्या सर्वांत शहाण्या गोष्टींपैकी एक वाटतो. चूक किती चालेल, हे तो आकडा सांगतो.

समजा एका भोकाचं माप २५ मिलिमीटर आहे. कागदावर नुसतं २५ लिहून दिलं, तर मुरलेला टर्नर आधी विचारेल, "टॉलरन्स किती?" त्याशिवाय तो काम हातात घेणार नाही, कारण बरोबर २५ मिलिमीटरचं भोक जगात कोणालाच पाडता येत नाही. म्हणून ड्रॉइंगवर 'एच ७' अशी खूण असते. तिचा अर्थ असा की, भोक २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या दरम्यान कुठेही असलं तरी पास. त्यात फिरणाऱ्या शाफ्टला 'जी ६' ही खूण असेल, तर तो २४.९८० ते २४.९९३ मिलिमीटरच्या दरम्यान हवा. जरा आकडेमोड करून बघा. शाफ्ट कितीही जाड निघाला आणि भोक कितीही लहान पडलं, तरी दोघांमध्ये किमान ७ मायक्रॉनची फट उरते. माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण दहावा भाग. त्या फटीत तेलाचा थर बसतो आणि शाफ्ट फिरतो. दोन्ही मापं तंतोतंत २५ आली असती, तर शाफ्ट अडकून बसला असता.

तपासणी कशी होते तेही पाहण्यासारखं आहे. कारागीर भोक फडक्याने पुसतो आणि प्लग गेज हातात घेतो. गेजच्या एका टोकाला 'गो', दुसऱ्याला 'नो-गो'. गो टोक अलगद आत सरकतं. गेज उलटा केला की नो-गो टोक भोकाच्या तोंडाशीच अडतं. झालं, जॉब पास, पुढचा घ्या. दोन-चार सेकंदांचं काम. या तपासणीत भोकाचं खरं माप किती आहे हे कळतच नाही! ते २५.००३ आहे की २५.०१९, गेजला त्याच्याशी देणंघेणं नाही. आदर्श मापापासून आपण किती लांब राहिलो, हा प्रश्नच त्या हत्याराला विचारता येत नाही. काम मर्यादेत आहे की नाही, एवढंच ते सांगतं.

शिवाय आदर्श माप तरी कुठल्या हवेतलं? जगभरात लांबीच्या मापांसाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान धरलेलं आहे. पेणकरपाड्याच्या पत्र्याच्या गाळ्यात मे महिन्यात २० अंश कोण बघतो! पोलाद एका अंशाला दर मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. म्हणजे २० अंशांना बरोबर १०० मिलिमीटर भरलेली दांडी ३३ अंशांच्या दुपारी सुमारे १५ मायक्रॉनने लांब असते. कोणी काही चुकलेलं नसतं. ऊन तेवढं वाढलेलं असतं.

यंत्रांच्या बाबतीत हे आपण बिनतक्रार मान्य केलं आहे. स्वतःच्या बाबतीत मात्र आपल्यापैकी कितीतरी जण कोरं ड्रॉइंग घेऊन जगतात. माप लिहिलेलं, टॉलरन्स शून्य. अशा ड्रॉइंगवर एकही जॉब पास होऊ शकत नाही. परिपूर्णतेच्या घातक अट्टहासाचं दुखणं मला मुळात इथे दिसतं. त्यातून सुटकेचा रस्ताही इथूनच निघतो, पण त्याआधी आपलं शरीर आणि मेंदू चुकीकडे कसं पाहतात ते बघायला हवं. ती गोष्ट फार विलक्षण आहे.

१९२०च्या दशकात मॉस्कोच्या एका श्रम-संशोधन संस्थेत निकोलाय बर्नस्टाइन नावाचा शास्त्रज्ञ हातोडा मारणाऱ्या कामगारांचा अभ्यास करत होता. त्याने कामगारांच्या अंगाला छोटे दिवे लावले आणि छिन्नीवर घाव घालताना त्या दिव्यांच्या उजेडाच्या रेघा कॅमेऱ्यात टिपल्या. वर्षानुवर्षं तेच काम केलेली माणसं होती ती, घाव नेमका छिन्नीच्या माथ्यावरच बसायचा. पण हाताचा मार्ग? प्रत्येक घावाला वेगळा. खांदा जरा वर गेला की कोपर सांभाळून घ्यायचं, कोपर हललं की मनगट. सांधे सारखे चुकत होते आणि एकमेकांच्या चुका निस्तरत होते, म्हणून हातोड्याचं टोक चुकत नव्हतं. कसलेल्या हाताचं कसब असं असतं. एकच हालचाल हुबेहूब दुसऱ्यांदा करणं शरीराला जमतच नाही. स्नायूंना जाणारा मेंदूचा आदेशच दरवेळी थोडा डळमळीत असतो आणि जोर जितका जास्त लावावा तितका तो जास्त डळमळतो.

हा निसर्गाचा दोष असेल असं वाटणं साहजिक आहे. पक्ष्यांनी मात्र वेगळंच काही दाखवलं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पेणकरपाड्यापासून लांब नाही. त्या जंगलात पांढऱ्या कंबरेची मुनिया आढळते. काळपट तपकिरी, चिमणीहूनही लहान. याच जातीपासून जपानमध्ये काही शतकांपूर्वी बेंगालीज फिंच हा पाळीव पक्षी तयार झाला, आणि आज मेंदूच्या प्रयोगशाळांमध्ये त्याच्या गाण्याचा अभ्यास होतो. वयात आलेल्या नराचं गाणं ठरून गेलेलं असतं. रोज तेच सूर, तोच क्रम. नीट मोजलं तर एकाच सुराची उंची मात्र दरवेळी किंचित वेगळी निघते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या शास्त्रज्ञांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ठरावीक सूर थोडा खाली लागला की लगेच खरखराट ऐकवायचा, वर लागला की काही नाही. काही तासांत पक्ष्याने तो सूर वर सरकवला! ती बारीक डळमळ होती म्हणून त्याला निवड करता आली. प्रत्येक वेळी सूर हुबेहूब तोच लागला असता, तर निवडायला दुसरं काही उरलंच नसतं.

याहून थक्क करणारी गोष्ट झेब्रा फिंचमध्ये सापडली. ही डळमळ अपघाताने येत नाही, त्यासाठी मेंदूत एक खास केंद्र आहे. २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी शिकाऊ पिलांमधलं हे केंद्र तात्पुरतं बंद केलं, तेव्हा त्यांचं धडपडतं, अडखळतं गाणं एकदम एकसुरी झालं. नवं काही करून बघणंच थांबलं. मोठा नर मादीसमोर गातो तेव्हा सूर बराच बांधीव असतो आणि एकटा गातो तेव्हा तो पुन्हा मोकळा सुटतो. म्हणजे एवढ्याशा पाखरालाही रियाज आणि मैफल यांतला फरक कळतो, आणि रियाजात ते चुकीला मुद्दाम जागा ठेवतं. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ दुसरं काही वाचू शकलो नाही.

आपल्याही मेंदूत चूक पकडणारी एक यंत्रणा आहे. १९९०च्या सुमारास जर्मनीत आणि अमेरिकेत दोन वेगवेगळ्या गटांना ती जवळपास एकाच वेळी सापडली. डोक्याला विद्युतलहरी टिपणारी टोपी घालून लोकांना झटपट बटणं दाबायला सांगितली होती. चुकीचं बटण दाबलं गेलं की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच कपाळामागच्या भागातून एक ठळक लहर उमटायची. "अरे, चुकलं!" असं मनात येण्याच्याही आधी. कधी कधी तर माणसाला चूक कळलेलीही नसायची, तरी लहर यायची. ही लहर म्हणजे मेंदूतली घंटाच. तिच्यामुळे पुढच्या वेळी आपण जरा सावध होतो, वेग कमी करतो, सुधारतो. ती नसती तर चुकांतून शिकणं अवघड झालं असतं.

चिंतेचे विकार आणि मंत्रचळ असलेल्या लोकांमध्ये ही घंटा सरासरीपेक्षा जोरात वाजते, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. जेव्हा एखादी मुलगी जर्नलमध्ये एका शब्दाची खाडाखोड झाली म्हणून सबंध पान फाडते आणि रात्री अकराला ते पुन्हा लिहायला बसते, तेव्हा तिला "उगाच नाटकं करू नकोस" म्हणण्याआधी हे आठवावं. तिला ती घंटा खरंच कर्कश ऐकू येत असेल.

मग बिघडतं कुठे? उंच ध्येय ठेवण्यात काहीच बिघडत नाही. डॉन हॅमाचेक या मानसशास्त्रज्ञाने १९७८ मध्येच निरोगी आणि आजारी परफेक्शनिस्ट असा भेद केला होता. पहिल्याला उत्तम कामाचा आनंद मिळतो आणि प्रसंग पाहून तो मापात सैलही होऊ शकतो. दुसऱ्याला कुठलंच काम पुरेसं चांगलं वाटत नाही. पुढे २००२ मध्ये रॉझ शाफ्रन, झफ्रा कूपर आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी या आजाराचं यंत्र उलगडून दाखवलं. माझ्या मते आजवरचं ते सर्वांत नेमकं वर्णन आहे. अशा माणसाची स्वतःबद्दलची किंमत जवळजवळ पूर्णपणे एकाच गोष्टीवर टांगलेली असते, आपण ठरवलेलं माप गाठलं की नाही यावर. माप हुकलं तर तो स्वतःला झोडपतो. हुकेल या भीतीने कामाला हातच लावला नाही तर ती चालढकल ठरते, आणि बाहेरच्यांना तो आळस वाटतो. आणि माप गाठलंच तर? तर तो म्हणतो, "मग ते सोपंच असणार," आणि पुढच्या वेळी माप आणखी वर नेतो. तिन्ही वाटांनी हारच. अशा माणसाला "तू किती हुशार आहेस" असं सांगून उपयोग होत नाही तो याचमुळे. आपलं कौतुकही त्याच तराजूत जाऊन पडतं.

हा अट्टहास येतो कुठून, याचं उत्तर शोधताना पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या जोडीने १९९१ मध्ये तीन दिशा सांगितल्या. माणूस स्वतःकडून परिपूर्णता मागतो, इतरांकडून मागतो, किंवा जग आपल्याकडून ती मागतंय असं त्याला वाटत राहतं. तिसरी दिशा सर्वांत जास्त पोखरते. टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून अधिक कॉलेजविद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली उत्तरं एकत्र केली. तिन्ही प्रकार वाढलेले होते, पण तिसरा सर्वाधिक, ३३ टक्क्यांनी. आकडे तिकडचे आहेत. पण दहावीच्या निकालाच्या दिवशी आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात उभं राहिलं तरी ही तिसरी दिशा ऐकू येते. ९६ टक्के मिळालेत. आई पेढे वाटते आहे. आणि कोणीतरी काका अगदी मायेने विचारतात, "बाकीचे चार कुठे गेले रे?" काकांच्या मनात काही वाईट नसतं. पोरगा हसतो. त्या चार टक्क्यांचा हिशेब मात्र त्याच्या मनात पुढे कितीतरी वर्षं चालू राहतो.

आता सुटकेकडे येऊ. या बाबतीत आपल्या ठाणे जिल्ह्याचं भाग्य थोर आहे.

न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस नावाचा एक माणूस होता. १९१३चा जन्म, २००७ मध्ये वारला. तरुणपणी मुलींशी बोलायला तो इतका घाबरायचा की, १९ वर्षांचा असताना त्याने स्वतःलाच एक काम नेमून दिलं. ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की शेजारी जाऊन बसायचं आणि बोलायला सुरुवात करायची. महिन्याभरात तो शंभरेक जणींशी बोलला. भेटायला यायचं कबूल केलं एकीनेच, आणि तीही आली नाही. प्रयोगाचा निकाल म्हणून बघितला तर सपशेल अपयश. पण एलिसच्या लक्षात आलं की शंभर नकार पचवूनही आभाळ कोसळलेलं नाही, आणि भीती मात्र पार ओसरली आहे. १९५५ पासून त्याने जी उपचारपद्धती उभी केली, तिच्या मुळाशी हा अनुभव आहे. आपल्याला त्रास होतो तो घटनेपेक्षा घटनेमागच्या हट्टाने, असं ती म्हणते. "मला हे उत्तम जमावं" ही इच्छा झाली. "मला हे उत्तम जमायलाच हवं, नाहीतर मी कुचकामी" हा हट्ट. इच्छा ठेवा, हट्ट तपासा. आणि तो नुसता डोक्यात तपासून भागत नाही, रस्त्यावर उतरून तपासावा लागतो. एलिस आपल्याकडे येणाऱ्यांना भुयारी रेल्वेत मोठ्याने स्टेशनचं नाव पुकारायला सांगे. केळ्याला दोरी बांधून ते कुत्र्यासारखं रस्त्याने फिरवून आणायला सांगे! लोक हसतात, आणि हसून आपापल्या कामाला लागतात. आपण पुरते उरतो, हे कळायला त्याहून चांगला धडा कोणता?

हा विचार मराठी माणसापर्यंत आणला तो मुंबईच्या कि. मो. फडके यांनी. ते एलिस यांच्याकडेच या पद्धतीत तयार झाले, कित्येक दशकं दोघांचा पत्रव्यवहार चालला, आणि विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ही पद्धत इथे रुजली. डॉ. अंजली जोशी यांनी 'मी अल्बर्ट एलिस' ही चरित्रात्मक कादंबरी लिहून एलिस मराठी घरांत पोचवला. आणि १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली, तिथे ही पद्धत रोजच्या वापरात आली. मनाच्या तक्रारी घेऊन जाणं ही लाजेची गोष्ट राहू नये, यासाठी या मंडळींनी साध्या मराठीत जे काम केलं त्याचं मोल मला फार वाटतं. 'समुपदेशन' हा शब्द आज मध्यमवर्गीय घरात सहज उच्चारला जातो, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

अट्टहासावरचे उपचार प्रत्यक्षात कसे चालतात? एक उदाहरण घेऊ. ऑफिसात साधी ईमेल पाठवायला एखाद्याला पाऊण तास लागतो, कारण ती तो पुन्हा पुन्हा वाचतो. उपचारक त्याला एक दिवसाआड करायला सांगतात. एक दिवस मनसोक्त तपासायचं, दुसऱ्या दिवशी एकदाच वाचून पाठवायचं. आधी कागदावर भाकीत लिहायचं, जसं "चूक राहील, साहेब झापतील". मग दोन्ही दिवसांच्या चुका, गेलेला वेळ आणि दिवसभराची धास्ती शेजारी शेजारी मांडायची. आठवड्याभरात वही स्वतःच बोलायला लागते. दुसरा एक सोपा प्रकार म्हणजे गोल काढून त्याचे भाग पाडायचे. मी स्वतःला कशाकशावर जोखतो, याची ती आकृती. अशा माणसाच्या गोलात कामाचा तुकडा जवळजवळ सगळी जागा व्यापून बसलेला असतो. पुढचे काही आठवडे मैत्री, गाणं, खेळ, कोणासाठी तरी केलेलं काहीतरी, असे बाकीचे तुकडे जाणीवपूर्वक वाढवायचे. कामाचा तुकडा कापायला कोणी सांगत नाही. बाकीचे वाढले की तो आपोआप आपल्या आकारात येतो.

माझी स्वतःची एक सूचना गाळ्यातल्या त्या कागदावरून आलेली आहे. ड्रॉइंग नीट पाहिलं तर सगळ्या मापांना सारखी टॉलरन्स नसते. बेअरिंग बसायच्या जागी २१ मायक्रॉन. त्याच जॉबच्या बाहेरच्या, कशालाच न टेकणाऱ्या ८० मिलिमीटरच्या कडेला सर्वसाधारण नियमाने ०.३ मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. कडेवरही २१ मायक्रॉनचा हट्ट धरला, तर त्याच जॉबचा खर्च कितीतरी पटींनी वाढेल आणि यंत्र रतीभरही चांगलं चालणार नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरने औषधाची मात्रा दहादा तपासावी. त्याच डॉक्टरने घरच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण दहादा तपासू नये. काम सुरू करण्याआधी, डोकं थंड असताना, दोन ओळी लिहाव्यात. यातलं कुठलं माप खरंच नाजूक आहे, आणि बाकीच्यांना किती ढील आहे. काम चालू असताना ठरवायला गेलं तर ती कर्कश घंटा ठरवते, आणि तिचं उत्तर कायम शून्य असतं.

काही वेळा वहीत मांडून भागत नाही. झोप उडालेली, जेवणखाण बिघडलेलं, हात धुणं किंवा तपासणं थांबतच नाही, जगणं नकोसं वाटतंय, अशी लक्षणं असतील तर माणसाला एकटं सोडू नये. सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

एक भीती मात्र जवळजवळ प्रत्येक परफेक्शनिस्ट बोलून दाखवतो आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. "स्वतःला बोल लावणं सोडलं तर मी आळशी होईन. आज जो काही आहे तो या चाबकामुळेच आहे." ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन या दोघींनी कॅलिफोर्नियात नेमकं हेच तपासून पाहिलं आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं. विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची मुद्दाम अवघड परीक्षा दिली. ती सगळ्यांनाच जड गेली. मग एका गटाला सांगितलं की अशी परीक्षा बहुतेकांना कठीण जाते, स्वतःवर फार कठोर होऊ नका. दुसऱ्या गटाला त्यांच्या हुशारीची खात्री दिली. तिसऱ्याला काहीच सांगितलं नाही. पुढे आणखी एक परीक्षा होती आणि तिच्या तयारीला हवा तेवढा वेळ घ्यायची मुभा होती. सर्वांत जास्त वेळ अभ्यास करत बसला तो पहिला गट.